माळ्यावरची बाळंतीण

प्रश्न : राजापूरपासून आत एका वाडीत आमचं जुनं घर आहे. वर मंगलोरी कौलं, खाली लाकडी माळा. माळ्यावर नारळाची सोडणं, सासऱ्यांची जुनी गादी आणि लग्नकार्यातली मोठी भांडी असतात. गेला महिनाभर रोज सकाळी साडेसातच्या सुमारास डोक्यावर धावपळ सुरू होते. वर जाऊन पाहिलं तर गादी एका कोपऱ्यात उसवलेली आणि कापूस गायब. इंटरनेटची वायर दोनदा कुरतडली गेली. परवा वळचणीतून खार बाहेर पडताना दिसली तेव्हा उलगडा झाला. आता घरात तीन मतं आहेत. हे म्हणतात, पिंजऱ्यात धरू आणि नदीपलीकडे सोडून येऊ. भावोजी म्हणतात, उंदरांचं औषध टाका, दोन दिवसांत सगळं शांत. सासूबाई म्हणतात, रामाने पाठीवरून बोटं फिरवलेला जीव, त्याला हात लावायचा नाही. शेजारीण डांबराच्या गोळ्या देऊन गेली आहे. करायचं काय?
— एक गृहिणी, राजापूर तालुका

उत्तर : तूर्त सासूबाईंचं ऐका. कायमचं नव्हे, पण महिना-दीड महिना तरी नक्की. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून मला असं वाटतं की माळ्यावर नुसती खार नाही, बाळंतीण आहे.

पहिली गोष्ट सकाळी साडेसातची. खार दिवसाचा प्राणी. उजाडलं की बाहेर पडते, भर उन्हात जरा विसावते आणि दिवेलागणीच्या आत घरट्यात परतते. मध्यरात्री खुडबुड ऐकू आली असती तर मी उंदीर म्हटलं असतं. रात्री कौलांखालून मांजर चालावं तशी जड पावलं वाजली असती तर उदमांजर, म्हणजे कांडेचोर. कोकणातल्या माळ्यांवर तोही मुक्कामाला असतो, आणि त्याच्या वावराच्या जागी कधी कधी बासमती शिजत असल्यासारखा वास येतो. या दोघांचे उपाय निराळे. म्हणून माळ्यावर कोणी आहे असं वाटलं की आधी घड्याळ बघावं. तुम्ही ते बघितलंत आणि पत्रात लिहिलंत, त्याने माझं अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट कापसाची. गादीतून कापूस ओढून नेणारी खार अंथरूण करत असते. काथ्या, सुतळी, गवत, चिंध्या, कापूस असं जे मऊ मिळेल ते ती तोंडात कोंबून नेते आणि त्याचा गोळा करून आत पोकळी ठेवते. घरासमोर फणस आणि माड असताना ती माळ्यावर का आली, हे त्या सोडणांकडे बघितलं की कळतं. कौलांखालची ऊब, पावसाचं भय नाही, घारीची नजर नाही, माणूस वर्षातून दोनदा फिरकणार, आणि काथ्याची आयती रास. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तीच खोली घेतली असती.

कोकणात घराभोवती दिसते ती बहुधा तीन पट्ट्यांची खार. देशावर कोरड्या मुलखात पाच पट्ट्यांचीही सापडते. दोघींचं वजन शंभरेक ग्रॅम, म्हणजे एका मध्यम केळ्याएवढं. पोटात पिल्लं असण्याचा काळ जातीप्रमाणे ३४ ते ४२ दिवसांचा. एका वेताला साधारण दोन-तीन पिल्लं, जन्मताना डोळे मिटलेली आणि उघडीवाघडी. नर जुगण्यापुरता येतो आणि जातो. पुढचं सगळं ती एकटी करते. पिल्लं दहाएक आठवडे आईच्या दुधावर असतात. तीन पट्ट्यांच्या खारीचा विणीचा असा एक ठरावीक हंगाम नाही, त्यामुळे हा महिना पिल्लांचा नसेल असं धरून चालता येत नाही. महिनाभर आवाज येतो आहे म्हणजे पिल्लं आता बहुधा माळ्यावर आहेत, आणि अजून स्वतःच्या पायांनी वाशावरून खाली येण्याजोगी झालेली नाहीत.

हे इतकं ताणून सांगतो आहे त्याला कारण आहे. माझ्या लहानपणी, अलिबागजवळच्या आमच्या घरी, वळचणीतल्या अशाच एका फटीतून खारीची ये-जा होती. एके दुपारी गवंडी दुसऱ्या कामाला आले होते, तेव्हा वडिलांनी तीही फट सिमेंटने बुजवून घेतली. खार तेव्हा बाहेर होती. संध्याकाळी ती परतली आणि त्या ओल्या सिमेंटपाशी येऊन थांबली. मग पाख्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची, कौलांच्या सांध्यात नाक घालायची, शेपटी झटकत चिरकायची. दुसरा दिवसही तसाच गेला. आतूनही काही ऐकू येत होतं, शिट्टीसारखं, अगदी बारीक. आई म्हणाली, फोडा ते. तोवर सिमेंट पक्कं झालं होतं आणि गवंडी गावाला गेला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही आवाज थांबले. मग आठवडाभर माजघरात वास. वडील त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. त्या फटीचा विषय निघाला की ते उठून अंगणात जात.

फट बुजवायची हे बरोबरच आहे. पण ती शेवटी, आत कोणी नाही याची खात्री करून.

आता पिंजऱ्याबद्दल. यजमानांचा हेतू दयेचा आहे हे मला कळतं. पण पिंजऱ्यात सापडेल ती आई, आणि माळ्यावर राहतील ती पिल्लं. शिवाय नदीपलीकडे सोडलेल्या खारीचं पुढे काय होतं, हे आपल्याला दिसत नाही म्हणून आपण ती सुखात आहे असं मानतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हे प्रत्यक्ष बघितलं गेलं. वस्तीतल्या ३८ करड्या खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्या आणि त्यांचा माग ठेवला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९७ टक्के खारी एक तर लवकरच मेल्या किंवा सोडलेल्या जागेतून नाहीशा झाल्या. त्या खारी आपल्याकडच्या नव्हेत, पण अडचण तीच. अनोळखी रानात खाणं कुठे, लपायची ढोली कुठे, हे ठाऊक नाही, आणि तिथल्या खारींनी जागा आधीच वाटून घेतलेल्या. आणखी एक : वन्य प्राण्यांना पकडण्याबद्दल आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे. पिंजरा आणण्याआधी वनखात्याला विचारलेलं बरं. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे.

औषधाबद्दल मात्र मी स्पष्टच सांगतो : टाकू नका. ‘दोन दिवसांत शांत’ हे खरं नाही. बाजारात मिळणाऱ्या वड्यांमध्ये बहुधा रक्त गोठू न देणारं विष असतं, ते खाल्लेला प्राणी मरायला कित्येक दिवस घेतो आणि तेवढ्यात कौलांखाली, भिंतीच्या सांदीत, हात पोचणार नाही अशा जागी जाऊन मरतो. काळी पूड मिळते ती झिंक फॉस्फाईडची. पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. मेलेला किंवा मरतुकडा प्राणी मांजराने खाल्ला, गव्हाणी घुबडाने उचलला, की विष त्यांच्या पोटात. गव्हाणी घुबड तुमच्या भाताच्या कणगीची राखण करणारा पक्षी आहे, त्याला गमावून तुमच्याकडचे उंदीर वाढतील. आणि पिल्लं? ती विष खात नाहीत, ती उपाशी मरतात. चिकट गोंदाचे कागदही याच कारणासाठी नकोत. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास धडपडत राहतो.

डांबराच्या गोळ्या कपाटासाठी ठीक. माळा चारी बाजूंनी वाहता, तिथे त्यांचा वास खारीला हटवण्याइतका साठत नाही. साठेल इतक्या टाकल्यात तर खाली झोपणाऱ्यांना त्रास होईल. शेजारणीला परत करा.

मग करायचं ते असं. चार-पाच दिवस नुसती पाळत ठेवा. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला अंगणात उभं राहून ती कुठल्या कौलाखालून बाहेर पडते आणि कुठून आत जाते ते बघा. वाटा बहुतेक एक-दोनच असतात. माळ्यावर वाशावर आणि तुळईवर रांगोळीची पातळ भुकटी पसरली तर सकाळी बारीक पावलं उमटलेली दिसतील, आणि ती एका दिशेने कुठे जातात तेही. घरटं दिसलं तर हात घालू नका, बॅटरीच्या उजेडात लांबूनच बघा. घाबरलेली आई चावते. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. खारींपासून रेबीज होणं अत्यंत विरळ आहे, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं, शिवाय धनुर्वाताची सुई लागते.

पिल्लं आहेत असं दिसलं आणि थांबणं शक्य असलं, तर थांबा. मोठी झाली की ती आपण होऊन माळा सोडतात. थांबणं अगदीच शक्य नसेल, समजा घरात लवकरच कार्य आहे, तर तिला हाकलायचं नाही. तिची जागा तिला नकोशी करायची. सोडणं खाली आणा. उसवलेली गादी काढा, पण घरट्यात गेलेला कापूस तसाच राहू द्या. दिवसा माळ्यावर एक दिवा लावून ठेवा, रेडिओ मोठ्याने बोलत राहू दे. तिची वाट उघडी ठेवायची हे मात्र विसरू नका. आसपासच्या झाडात तिची दुसरी जागा बहुधा असतेच. दोन-चार दिवसांत ती पिल्लं एकेक करून तोंडात धरून हलवते. हे मी दोनदा पाहिलं आहे. पिल्लू आईच्या गळ्याभोवती इतकं गुंडाळून घेतं की लांबून वाटावं, खारीने गळपट्टा बांधला आहे. दोन फेऱ्यांच्या मधे ती जरा थांबते, धापा टाकते आणि परत आत जाते.

गेली की नाही, हे ओळखायची जुनी युक्ती : त्या फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा. आत-बाहेर कोणी असेल तर तो बोळा त्याच दिवशी ढकललेला दिसतो. लागोपाठ तीन उघडीपीचे दिवस बोळा जागचा हलला नाही, रांगोळी पुसली गेली नाही आणि सकाळचा आवाज नाही, की माळा तुमचा.

त्यानंतर बंदोबस्त, आणि तो करायला कोकणात वर्षाचा एक मुहूर्त ठरलेलाच आहे, पावसाआधीची शाकारणी. कौलं परतायला माणसं वर चढलीच आहेत, तर त्यांच्याकडून वळचणीला, वाशांच्या टोकांमधल्या फटींना आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना जस्ताच्या जाड तारेची जाळी मारून घ्या. जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं असावं, त्याहून मोठं नको. नायलॉनची डासांची जाळी, थर्माकोल, फोम हे सगळं खारीला दातांचा व्यायाम आहे. सिमेंट किंवा पत्र्याने सगळं ठार बंद करू नका, कौलारू घराला वारा लागतो, नाहीतर रीप आणि वासे कुजतील. फुटकी कौलं बदला. आणि फांद्या छाटा. माडाची झावळ कौलांना टेकली की तो त्यांच्यासाठी साकवच. झाड आणि छप्पर यांच्यात दोन मीटर तरी उघडी जागा असू द्या. शाकारणीच्या माणसांना आधी बजावून ठेवा, घरटं दिसलं तर हाक मारायची, खाली फेकायचं नाही. बहुतेक माणसं ऐकतात.

वायरचं काय, असं तुम्ही विचाराल. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दातांच्या पुढच्या बाजूलाच कठीण लेप असतो, मागची बाजू मऊ. घासताना मागचं आधी झिजतं आणि पुढची कड पटाशीसारखी धारदार राहते. कुरतडणं बंद झालं तर दात वाढून तोंड मिटणार नाही. इंटरनेटची वायर गेली तर दोन दिवस गैरसोय होते, पण विजेची वायर सोललेली राहिली आणि शेजारी काथ्या आणि कापूस असला, तर लाकडी माळ्याला आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून आज-उद्याच वायरमनला माळ्यावर चढवा. यात मात्र पिल्लं मोठी होईपर्यंत थांबायचं नाही. सगळ्या वायरी लोखंडी पाइपातून घ्या, प्लॅस्टिकचा पाइप तिला पुरत नाही. गळती झाल्यावर वीज तोडणारं यंत्र मीटरपाशी नसेल तर बसवून घ्या.

शेवटची साफसफाई. कोकणाला लेप्टो नवा नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या मुतातून तो पसरतो. घरटं आणि लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून सगळं ओलं करायचं आणि मग भरायचं. लग्नाची भांडी वापरण्याआधी कडक पाण्याने धुवा.

सासूबाईंना सांगा, फणसाच्या बेचक्यात लाकडाची एक पेटी बांधून त्यात मूठभर काथ्या ठेवू. ती तिथे राहायला येईलच असं नाही. पण पुढच्या वेळी बघायला तिच्यापुढे दोन खोल्या असतील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नोव्हेंबरपासून ॲटिकमध्ये खारी आहेत. आपल्याकडच्यासारख्या चिमुकल्या नाहीत, चांगल्या दांडग्या, करड्या. कंत्राटदार एका बाजूनेच उघडणारं दार बसवू म्हणतो. बसवावं का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : बसवावं, पण महिना बघून. तुमच्याकडची करडी खार आपल्या खारीच्या चार-पाच पट वजनाची असते, आणि तिचा मोसम बराच ठरलेला असतो. उन्हाळा आणि हिवाळा यांनी तिचं वर्ष बांधून दिलं आहे. एक वेत हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दुसरं जुलै-ऑगस्टमध्ये. पोटात ४४ दिवस, मग अंगावर दोन ते तीन महिने. बाहेर जाता येतं पण आत येता येत नाही असं ते दार पिल्लं आत असताना लावलं, तर वर अलिबागचं जे लिहिलं तेच होईल. फरक एवढाच की करडी आई मोठी आणि जोरकस असते, ती छताचं लाकूड, सायडिंग फाडून आत शिरायचा प्रयत्न करेल आणि तुमचं नुकसान दुप्पट होईल. नोव्हेंबर ते जानेवारीची सुरुवात हा काळ त्या मानाने सुरक्षित, तरी कंत्राटदाराला आधी इन्सुलेशनमध्ये घरटं शोधायला लावाच. कडाक्याच्या थंडीत बाहेर काढलेल्या खारीला दुसरी जागा लागते, म्हणून हवा जरा सौम्य असलेले दिवस निवडा.

एक गोष्ट तपासा. आवाज रात्रीचा येतो का? तुमच्या भागात उडती खारही आहे, ती निशाचर, आणि थंडीत बऱ्याच जणी एका घरट्यात गोळा होऊन राहतात. तिच्या घरट्यांशी संबंध असलेला टायफसचा एक प्रकार तिकडे नोंदलेला आहे. तेव्हा आवाज रात्रीचा असेल तर स्वतः वर चढून सफाई करू नका, ते काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्या.

प्रश्न : पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर एसीच्या बाहेरच्या पेटीमागे खारीचं घरटं होतं. दुरुस्तीवाल्याने पेटी हलवली आणि एक पिल्लू बाल्कनीत पडलं. डोळे उघडलेले नाहीत. मुलगी दूध पाजू म्हणते.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दूध नको. गाई-म्हशीचं दूध त्याला सोसत नाही. हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला तेवढी पुरते. शिवाय पाजताना ते श्वासनळीत जातं. भुकेच्या आधी त्याला थंडी मारते. बाटलीत कोमट पाणी भरा, बाटली फडक्यात गुंडाळा, चपलांच्या खोक्यात एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला चिंध्यांवर पिल्लू. खोक्याचं झाकण काढलेलं असू द्या आणि ते घरट्याच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत ठेवा. मांजर असेल तर आत कोंडा. बाल्कनीचं दार लावून घ्या आणि पडद्याआडून बघा, कारण तुम्ही दिसलात तर ती येणार नाही. हात लागला म्हणून आई टाकून देते हा समज चुकीचा आहे. तिला पिल्लू हवं असतं. दिवस मावळेपर्यंत वाट बघा, मधे एकदा पाणी बदला. अंधार पडला तरी ती आली नाही, किंवा पिल्लाला जखम दिसली, तर १९२६ वर फोन करा आणि ते सांगतील तिथे पोचवा.

दुरुस्तीवाल्याला आजच्या दिवस परत पाठवा, यंत्र चार दिवस बंद राहू दे. ती आलीच तर बाकीची पिल्लंही बहुतेक त्याच फेऱ्यांत हलवेल. खोकं रिकामं दिसलं की चिंध्या उन्हात टाका.